बोरीच्या मुळ्या आणि बुरकुंडं

माझी नणंद विधवा होऊन शहरातल्या आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात बोरीच्या मुळ्यांचं एक पोतं होतं. भेगाळलेली, वाकडीतिकडी, मातीने माखलेली लाकडं. मी ते पोतं मोरीजवळ ठेवलं, तर तिनं उचलून आपल्या पलंगाखाली नेलं. पनागर गावी तिच्या सासरच्या दाराशी बोर होती. नवरा गेल्यावर थोड्याच दिवसांत दिरानं ती तोडली, खोल्या वाढवायच्या होत्या म्हणून. वाढलेल्या खोल्यांत तिला मात्र जागा निघाली नाही. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

माझे यजमान फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याबरोबर काम केलेला एक मित्र रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीत सुऱ्यांचं लहानसं वर्कशॉप चालवायचा. एकदा तो चहाला आला आणि पलंगाखालून डोकावणारं ते पोतं त्याच्या नजरेस पडलं.

"दीदी, ये तो सोना है," तो नणंदेला म्हणाला. "जलाना मत."

शोभेच्या मुठींसाठी त्याला असंच लाकूड हवं असायचं. भेगांमध्ये रंगीत रेझिन ओतायचं, ते दगडासारखं कडक झालं की ठोकळे कापायचे. पुढे घासूनपुसून मूठ घडवणं त्याच्याकडे. दोनच दिवसांत तो रेझिनचे डबे घेऊन आला आणि गच्चीवर बसून त्यानं आम्हाला सगळं करून दाखवलं.

आमचे पहिले ठोकळे वाया गेले. लाकूड आतून ओलं होतं, त्यामुळे रेझिनमध्ये साबणाच्या फेसासारखे बुडबुडे उठले.

"मी म्हणून राहिली होती, वाळू द्या म्हणून," नणंद म्हणाली. "घाई तुम्हालेच."

"अन् ओतलं कोणी? मी?"

"तुम्ही उभ्या होत्या न डोक्यावर!"

आवाज इतके चढले की यजमान गच्चीवर धावत आले. ते आमचं पहिलंच भांडण. त्याआधी ती कधी उलटून बोललीच नव्हती; पाहुण्यासारखी राहायची. संध्याकाळी तिनं न विचारता स्वयंपाकघरातला माझा वजनकाटा उचलला आणि लाकूड वाळून किती हलकं झालं ते तोलायला गच्चीवर नेला. मी तो तिथंच राहू दिला. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा आणला.

मग अख्खा उन्हाळा आम्ही मुळ्या गच्चीवर वाळवल्या. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यांचे साचे केले. तोंडाला फडकं बांधून ती रेझिन ढवळायची, मी साचा धरायची. रंग तिच्या मर्जीचे. मोरपंखी तिला फार आवडायचा. रिछाईच्या भैयानं सगळे ठोकळे नेले आणि आणखी मागितले. पण पोतं रिकामं झालं होतं.

"मुळ्या संपल्या," ती म्हणाली. "भुट्ट्याची बुरकुंडं चालतील का, विचारा त्याले."

दाणे काढून घेतलेली ती बुरकुंडं चालणार होती. उलट त्यांची नक्षी मधाच्या पोळ्यासारखी उमटते, असं तो म्हणाला. पनागरला तिच्या सासरी मक्याचं शेत होतं. पण तिथं जायचं म्हटल्यावर ती विषय बदलायची. बरेच दिवस गेले. एका सकाळी साडी बदलून समोर येऊन उभी राहिली. "चला. पण तुम्ही सोबत पाहिजे."

दीर घरी नव्हता. त्याची बायको, नणंदेची धाकटी जाऊ, बाहेर आली आणि दारातच थबकली.

"बाई, तुम्ही? काहून... म्हणजे, या न. बसा."

नणंद बसली नाही. बोर होती तिथल्या नव्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "बुरकुंडं पाहिजेत. चुलीत घालत असशील तर ती दे."

जावेनं पाणी आणून दिलं. मग ती कोठीत गेली आणि स्वतःच पोतं भरू लागली. भरता भरता तिला हुंदका आला. "मी त्यायले म्हटलं होतं, बाई. झाड राहू द्या, बाईलेही राहू द्या. माझं कोण ऐकते?"

नणंदेनं पदर खोचला. मग खाली बसली आणि तीही पोत्यात बुरकुंडं टाकू लागली. मी बाहेर जाऊन ऑटो बघत उभी राहिले.

परत येताना ती रडली नाही. "हात पाहिले तिचे?" एवढंच म्हणाली. "विळ्याची मूठ फुटून गेली आहे. फोड आले आहेत."

बुरकुंडांचा पहिला चांगला ठोकळा तिनं भैयाला विकला नाही. जावेच्या विळ्यासाठी त्याची मूठ घडवून मागितली. मूठ झाली गडद गुलाबी, पिवळ्या जाळीची. "इतनी सुंदर मूठ, और घास काटने के लिए?" भैया हसला.

"हाथ तो उसके भी हैं," ती म्हणाली.

आता मका निघाला की ती एकटीच पनागरला जाते. दिराशी अजून बोलत नाही. मागच्या खेपेला जावेनं ठेवून घेतलं म्हणून दोन रात्री राहिली. फोनवर मी जरा घुश्श्यातच विचारलं, "अन् गच्चीवरचं काम कोण करणार?"

"येऊन राहिली न," ती म्हणाली. "तोवर वाळत घातलेली बुरकुंडं उलटून ठेवा. वहिनी, घाई करू नका."