पूर्ण राष्ट्र आणि शनिवारची खुर्ची

गोव्यात जन्मलेल्या माणसाला बाहेरचे लोक दोनच गोष्टी विचारतात: मासे खाता ना, आणि पोर्तुगीज येतं का. ऑकलंडला आल्यावर मला तिसरा प्रश्न भेटला आणि त्याने माझं डोकं उठवलं. "तुमचा गोवा पूर्ण राज्य झाला, त्यातून तुम्हाला काय मिळालं?"

विचारणाऱ्या दोघी बहिणी. बॉटनी डाउन्सला मी मुलाकडे राहते, त्या घराला लागून थोरलीचं घर. दोघी मूळच्या पॅसिफिकमधल्या कुक आयलंड्सच्या, रारोटोंगा बेटावरच्या. थोरली तरुणपणीच ऑकलंडला आलेली, धाकटी जन्मभर बेटावर. २०१५ च्या सुमारास धाकटीच्या किडन्या गेल्या. बेटावर डायलिसिसची सोय नाही, म्हणून ती थोरलीकडे येऊन राहिली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी हॉस्पिटलच्या खुर्चीत बसायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि दुपारी मेल्यासारखं झोपायचं. उरलेल्या दिवशी दोघी आमच्या स्वयंपाकघरात येऊन भांडायच्या. मला 'ममा' म्हणायच्या. मोठ्या बाईला त्यांच्यात तसंच म्हणतात. मी तुमच्याच वयाची आहे, हे सांगून सांगून दमले. "हो ममा," म्हणायच्या.

त्याच सुमारास त्यांच्या देशाची बातमी पेपरात येऊ लागली. देश म्हणावं की नाही, तिथूनच वादाला सुरुवात. सरकार त्यांचं, पंतप्रधान त्यांचा, पण पासपोर्ट न्यूझीलंडचा. काही जण म्हणू लागले, असं अर्धंमुर्धं किती दिवस राहायचं, पूर्ण राष्ट्र होऊन जगाच्या सभेत बसू. वेलिंग्टनचं, म्हणजे न्यूझीलंड सरकारचं, म्हणणं असं ऐकू येई की जरूर बसा, पण मग पासपोर्ट इथे ठेवून जा.

धाकटी पूर्ण राष्ट्राच्या बाजूची.

"पूर्ण झालो असतो तर आपलं मशीन आपल्या बेटावर असतं," ती म्हणायची. "समुद्र बघत बसले असते. इथे काय बघते, तुझं गॅरेज."

"पूर्ण झालो असतो तर तुला हा पासपोर्ट नसता," थोरली म्हणायची. "पासपोर्ट नाही तर इथलं मशीन नाही. एव्हाना आईशेजारी अंगणात पुरलं असतं तुला. मग बघत बसायचा समुद्र." त्यांच्याकडे आपलं माणूस घरच्या अंगणातच पुरतात.

"बघेन. जातेच मी परत."

हे 'जातेच मी परत' ऐकलं की थोरलीच्या हातातला चहाचा कप खाली ठेवला जायचा. कारण परत जाणं म्हणजे मशीन सोडणं, आणि मशीन सोडणं म्हणजे काय, ते तिघींनाही ठाऊक होतं. त्या घरात कुठल्याही राष्ट्राचा प्रश्न नव्हताच मुळी. धाकटी राहणार की जाणार, एवढाच होता. पण ते सरळ बोलायचं सोडून दोघी माझ्याकडे वळायच्या. "ममा, तू सांग. तुम्हाला काय मिळालं?"

आता ह्यांना काय सांगायचं, कपाळ? सदुसष्ट साली गोव्यात कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. मतपत्रिकेवर विलीन म्हणजे फूल, वेगळं म्हणजे दोन पानं. मी एकोणीस वर्षांची, दोन वेण्या, आवाज लाउडस्पीकरसारखा, आणि कट्टर फुलाची. मतदानाचं वय एकवीस, म्हणजे मला मत नव्हतं. त्याने काहीएक फरक पडला नाही. ज्यांना मत होतं त्यांना मी फोंड्याच्या बाजारात अडवून अडवून शिकवलं. मासळीवालीला सुद्धा सोडलं नाही. ती म्हणाली, "बाय, बांगडे घेतेस काय वाट सोडतेस?" दोन पानं जिंकली. मी अन्नत्याग केला, तो संध्याकाळी आईने शिरवाळ्या केल्या तोवर टिकला. मग गोवा विलीन होत नाही म्हटल्यावर मी एकटीच विलीन झाले: पुण्याचा नवरा केला. वीस वर्षांनी गोवा पूर्ण राज्य झाला तेव्हा मी सदाशिव पेठेत पेढे वाटत फिरले, जणू माझ्यामुळेच झालं. नवरा म्हणाला, "अगं, तू तर विरुद्ध होतीस ना?" मी त्याला म्हटलं, तुम्हाला राजकारणातलं कळत नाही.

आणि असल्या बाईला लोक विचारतात, काय मिळालं म्हणून.

वैतागाला आणखी एक जोड होती. शुक्रवारी मुलाचे मित्र यायचे, सगळे पुण्या-मुंबईचे, कॉम्प्युटरवाले. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून फरसाण आणायचे आणि आमच्या लाउंजमध्ये बसून पॅसिफिक महासागराचा निकाल लावायचे. एक दिवस त्यातला एक म्हणाला, "काकू, सेल्फ-रिस्पेक्ट नावाची काही गोष्ट असते की नाही? किती दिवस दुसऱ्याच्या पासपोर्टवर जगायचं त्या लोकांनी?"

मी म्हटलं, "तुझा निळा कुठे गेला रे?"

"काय निळा?"

"पासपोर्ट. निळा देऊन काळा घेतलास ना गेल्या वर्षी? पार्टीला मीच बटाटेवडे तळले होते."

"काकू, ते वेगळं. ते प्रॅक्टिकल होतं."

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला. आतून नात ओरडली, "Aaji, you're savage," ते बहुधा कौतुक होतं.

हे असं चाललेलं असताना त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये सभा ठरली. ऑकलंडमधल्या बेटवासीयांनी आपलं म्हणणं मांडायचं. धाकटीला बोलायचं होतं. सभा शनिवारी सकाळी, म्हणजे बरोबर मशीनच्या वेळेला. थोरलीला आयतं कारण मिळालं.

"मी गाडी हॉस्पिटललाच नेणार."

"नेऊ नकोस. मी चालत जाईन सभेला."

"आणि मशीन?"

"एक दिवस चुकलं तर चुकलं."

आठवडाभर हे. थोरलीला वाटत होतं की ही सभेत उभी राहून सगळ्यांसमोर 'मी परत जाते' म्हणणार, आणि एकदा भर सभेत म्हटलं की मागे येणार नाही. मला तेच वाटत होतं. पण रोज रोज तेच ऐकून मला वीट आला. म्हटलं, "अगं, हॉस्पिटलला फोन करून कोणी विचारलंय का, शनिवारची वेळ बदलून मिळते का?"

एवढं मोठं राष्ट्र मांडायला निघालेल्या बायका, आणि एक फोन कोणाला सुचला नाही. मी धाकटीच्या हातात फोन दिला. पलीकडून नर्स म्हणाली, "कीया ओरा," म्हणजे इथला नमस्कार, आणि मग, हो, दुपारनंतर एक खुर्ची रिकामी आहे, त्या वेळी या, सभेत खाण्यापिण्यावर मात्र लक्ष ठेवा.

"म्हणजे सभा झाली की सरळ मशीनला," थोरलीने फोन ठेवायच्या आत बजावलं.

"बोलून झालं की बघू," धाकटी म्हणाली.

त्या 'बघू'ने थोरली पार कोमेजली.

शनिवारी मी नारायणपेठ नेसले. उघडच सांगते, मला वाटलं होतं की मलाही बोलायला सांगतील. गोव्याचा अनुभव, दोन पानं वगैरे. मी इंग्रजीत भाषण तयार केलं होतं आणि आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. एकोणिसाव्या वर्षीची ती वेण्यावाली कुठे जात नाही, नुसती पिकते. हॉलमध्ये त्यांनी माझ्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवला, पहिल्या रांगेत बसवलं, केळ्याचं काहीतरी गोड खायला दिलं आणि शेवटपर्यंत एक शब्द विचारला नाही.

धाकटी बोलली. बसूनच, कारण उभं राहवत नव्हतं. पूर्ण व्हायला हवं, आपलं आपण उभारायला हवं, असं थोडक्यात सांगितलं. मागून एक तरुण मुलगा उठला. उद्धट नव्हता, खरंच विचारत होता. "आंटी, मग तुमचा पासपोर्ट? तो देऊन टाकाल?"

थोरलीने माझा हात धरला. माझ्या बांगड्या रुतल्या.

"देईन," धाकटी म्हणाली. "बेटावर मशीन येऊ दे, त्या दिवशी देईन. तोवर इथलं मशीन वापरणार आणि पूर्ण व्हा असंही म्हणणार. दोन्ही. कोणाची काही अडचण?"

"माझी आहे," थोरली उठली. "मशीन आणायला तुझ्या नव्या राष्ट्राला किती वर्षं लागतील? तेवढी आहेत तुझ्याकडे?"



"नाहीत," धाकटी म्हणाली. "माझ्यासाठी बोलत नाहीये मी. बस खाली."

थोरली बसली. मग पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली आणि लोक जेवणाच्या टेबलांकडे वळले. निकाल काही लागला नाही, असल्या सभांत लागत नसतो. नंतरच्या वर्षांतही ते घोंगडं भिजतच राहिलं. माझ्या मेलीच्या मनात मात्र जेवताना एकच खंत, की भाषण वाया गेलं.

बाहेर पडलो. थोरली गाडी चालवत होती, धाकटी शेजारी, मी मुकुट सांभाळत मागे. फाटकाशी गाडी थांबली. डावीकडे आमचं घर, उजवीकडे हॉस्पिटल. थोरलीने इंडिकेटर दिला नाही. समोर बघत बसली. विचारायचं धैर्य नव्हतं तिला, आणि मला तर धाकटीचं तोंड सुद्धा दिसत नव्हतं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. ह्या देशात हॉर्न म्हणजे शिवीच.

"अगं, काय चाललंय तुमचं," मी म्हटलं. "वळा कुठेतरी."

धाकटीने सीटचा पट्टा ओढून नीट केला. "उजवीकडे घे ना," ती थोरलीला म्हणाली. "खुर्ची दुसऱ्याला देतील."

थोरलीने गाडी उजवीकडे घेतली. मग धाकटीच म्हणाली, "आणि मंगळवारी पहाटे उठवशील तेव्हा मोठा दिवा लावू नकोस. दर वेळी सांगते तुला."