मुलीच्या केसांच्या पट्ट्या

टायफॉइड उतरल्यावर माझ्या मुलीचे केस विंचरताना मूठमूठ गळाले. कानामागे टाळू दिसू लागली, तेव्हापासून ती घरातसुद्धा डोक्यावरची ओढणी काढत नव्हती. चंद्रपूरला तिचं नर्सिंगचं दुसरं वर्ष सुरू होतं. हजेरी आधीच कमी पडली होती. सोमवारी वर्गात गेली नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

"अशी नाई जात मी," एवढंच ती म्हणायची.

मग तिनेच मोबाइलवर पाहून खऱ्या केसांच्या पट्ट्या आणि त्यांचा गोंद मागवला. बायको भाताच्या रोवणीला गेलेली, म्हणून रविवारी ते काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांना विचारून झालं होतं. गोंदाचा थेंब दोन दिवस आधी तिच्या मनगटावर लावून पाहिला होता, खाज आली नाही. पट्टी टाळूला नाही, केसांना चिकटवायची, 'मुळापासून थोडी जागा सोडून', असं कागदावर लिहिलं होतं. थोडी म्हणजे किती, ते नव्हतं. आम्ही तलावात मासे धरणारे. जाळ्याची घरं एकसारखी यावीत म्हणून विणताना बांबूची चपटी काडी लावतो. त्यातली सगळ्यात बारीक काडी मी टाळूवर आडवी धरली आणि तेवढी जागा सोडून मानेकडची पहिली पट्टी दाबली.

"बाबा, माझं डोकं हाय, जाळं नाई."

"जाळं तरी गप राह्यते. तू हालून राह्यली."

दोन पट्ट्या पक्क्या बसल्या. बोटांना लागलेला गोंद धुवायला मी विहिरीवर गेलो, तेवढ्यात माझी मोठी बहीण तिला निरोप द्यायला आली. आमच्याकडे पोरगी गावाला निघाली की घरातली मोठी बाई तिच्या माथ्यावर तेल घालते. मुलगी नको म्हणेपर्यंत बहिणीने ओंजळभर मोहाचं तेल जिरवलं. मी परतलो तर दोन्ही पट्ट्या घसरून मुलीच्या खांद्यावर आल्या होत्या.

"काऊन रे भाऊ, पोरीचं डोकं असं कोरडं ठेवते का कोणी?"

"बाई, या गोंदाले तेल चालत नाई. सगळं सुटते."

"मंग असा गोंद आणलाच काऊन?"

मुलीने ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली. "राहू द्या बाबा. मी नाई जात."

बहीण उठली. तिने चुलीवर पाणी ठेवलं, मुलीला अंगणातल्या दगडावर बसवलं आणि शाम्पूने डोकं धुऊ लागली. मी कोरडा कागद केसांवर दाबून पाहायचो. डाग उठला की पुन्हा पाणी. कागद स्वच्छ निघाल्यावर केस पुसता पुसता बहीण थांबली.

"भाऊ, इथी पाह्य."

कानामागच्या रिकाम्या जागी बारीक, काळे केस उगवले होते. फार तर दोन मिलिमीटर. मुलीला दिसेनात, म्हणून आत्याने तिचंच बोट धरून त्यांवरून फिरवलं.

"टोचून राह्यले," ती म्हणाली. पुन्हा फिरवलं. मग म्हणाली, "लावा बाबा. पण या नव्या केसायले गोंद लावू नका."

ती जागा सोडून मी सगळ्या पट्ट्या लावल्या. सोमवारी सकाळी ती ओढणी खांद्यावर टाकून बसमध्ये चढली. दुपारी फोन आला.

"बसली वर्गात. मैत्रिणीनं विचारलं, केस कोणी लावले. म्हणलं, बाबानं."

"मंग?"

"हासली. मंग म्हणते, तिच्या बहिणीचं लग्न हाय, तुमाले टाइम हाय का?"