झाकणातली बत्ती

संकठा घाटाजवळ जुने स्कॅनर विकणारे एक गृहस्थ आहेत. वस्तू दाखवण्याआधी ते तिची खोड सांगतात, म्हणूनच मला त्यांचा संशय येतो. आईबाबांच्या लग्नाची तळहाताएवढी निगेटिव्ह स्कॅन करायला मी सगळ्यात स्वस्त स्कॅनर उचलला.

“हा नका घेऊ भाईसाहब. झाकणातली बत्ती बारीक आहे, फिल्म अर्धीच निघेल.”

महागडा गळ्यात मारायचा बेत मी लगेच ओळखला आणि हट्टानं तोच घेतला. घरी केलेल्या स्कॅनमध्ये आई उजळली, बाबा काळोखात गेले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात परत गेलो, तेव्हा त्या गृहस्थांनी फिल्म सरकवून दोनदा स्कॅन केली आणि दोन्ही तुकडे जोडून दिले.

“आता बसले जोडीनं,” ते म्हणाले.

मी आभार मानले. मग बाहेर येऊन, निगेटिव्ह बदलली तर नाही ना, हे उन्हात धरून पाहिलं.