काजळीवरची रेघ

किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या सातवीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिचं घर पडलं होतं आणि आई सोलापूरला दवाखान्यात होती, म्हणून मामाने तिला अंबरनाथला, बुवापाड्यात आपल्याकडे आणलं होतं. मी तेव्हा विज्ञान शिकवायचे. नोकरी नवी होती.

शाळेमागे एक कारखाना होता. तिथली पत्रा ठोकणारी मोठी प्रेस पडली की वर्गाची फरशी हलकेच थरथरायची. आमच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणाच्या ध्यानातही येत नसे. ती मात्र दप्तर टाकून मैदानात पळायची. आधी मुलं हसली. मग आणखी काहीजणी तिच्यामागे पळू लागल्या, आणि हसणं थांबलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "समजावून सांगा तिला."

मी सांगितलं, "अगं, ती प्रेस आहे. भूकंप नाही."

"बाई, तुम्हाला कसं कळतं?"

मलाही ते केवळ सवयीनं कळत होतं.

त्याच संध्याकाळी ठरवलं, भूकंपमापक करायचा. पुस्तकात आकृती होती. चौकटीला टांगलेलं वजन, त्याला पेन, खाली सरकणारा कागद. जमीन हलली की चौकट हलते, जड वजन जागीच राहू पाहतं आणि रेघ नागमोडी होते. मोडक्या बाकाची चौकट केली, डब्यात वाळू भरून टांगली, खाली स्केचपेन बांधलं. वर्गात टेबल गदागदा हलवलं तशी रेघ वाकडी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात प्रेस पडली. रेघ सरळच.

"मला कळलं, त्याला नाही कळलं," असं म्हणून ती बाहेर पळाली.

मोठ्या बाईंना ते आवडलं होतं. "छान झालंय, प्रदर्शनात ठेवू. आता पोर्शन पुरा करा." पण मला ते प्रदर्शनासाठी नकोच होतं.

रविवारी उल्हासनगर गाठलं. भंगाराच्या दुकानात लोखंडी चकत्या उचलून बघत होते, तर सिंधी दुकानदार म्हणाला, "मॅडम, अखाडा खोलोगे क्या?"

"भूकंप पकडना है," मी म्हटलं. त्याने हसत हसत सगळ्यात जड चकती काढून दिली.

वजन वाढलं, तरी पेन कागदाला घासून अडायचं. ते काढून टाकलं. कंदिलाच्या धुरावर कागद काळा केला आणि पेनाऐवजी झाडूची लांब, हलकी काडी टाचणीवर फिरती बसवली, म्हणजे वजनाची इवलीशी हालचाल टोकाशी मोठी दिसावी. मग त्या मुलीला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं.

"सगळ्यांआधी तुला कळतं. तू सांग, मी कागद बघते."

ती चपला काढून फरशीवर उभी राहिली. पळावंसं वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण थांबली. "आत्ता, बाई!" कागदावर काही नाही. "आत्ता!" काही नाही. असं कितीतरी संध्याकाळी चाललं. मी काडी कापायचे, टाचणी सरकवायचे, घरी काळे हात घेऊन जायचे. शेवटी एकदा ती ओरडली, आणि काजळीत दातासारखा एक बारीक पांढरं टोक उमटलं. ती धावत आली, आणि आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो.

हळूहळू तिला रेघ वाचता येऊ लागली. प्रेसचं एकच टोक, मधल्या सुट्टीतल्या पायांची खरखर. एक दिवस तिने विचारलं, "भूकंप यायच्या आधी सांगेल हे?"

"नाही. आला की लिहील."

तिने कागदावरची रेघ पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाली, "तर मग आल्यावर काय करायचं, ते शिकवा."

मग बाकाखाली शिरणं, डोकं झाकणं, थांबल्यावर रांगेने मैदानात जाणं सुरू झालं. दोन पालक तक्रार घेऊन आले, "पोरांना कशाला घाबरवता?" मी त्यांनाही काजळीचा कागद दाखवला आणि सराव चालूच ठेवला. ती आता प्रेस पडली की बाकाची कड घट्ट धरायची. पण बसून राहायची.

मे महिन्यात तिची आई तिला न्यायला आली, काठी टेकत. मुलीने तिला थेट यंत्रापाशी आणलं.

"आई, काठी आपट."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच काठी आपटली. काडी हलली, काजळीत रेघ उमटली.

"बघ," मुलगी म्हणाली, "ही तू."