वहिनी मडम व्हायची

संत्र्याच्या झाडाखाली उलट्या टोपलीवर ताठ बसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि तरीही चेहऱ्यावर विलायती तोरा आणू पाहणारी माझी वहिनी... अमरावतीचं बालपण आठवलं की आधी तीच दिसते. तिच्यासमोर वांग्यांची पाटी घेऊन उकिडवी बसलेली माझी माय. भोवती ओल्या वाफ्यांचा, चुरगळलेल्या कोथिंबिरीचा, संत्र्याच्या बहराचा दरवळ.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचा मळा शहराबाहेर. कॅम्पातल्या बंगल्यांवर भाजी आणि फुलं माय स्वतः पोचवायची. थंडी सरता सरता सर्वांत मोठ्या बंगल्यात विलायतेहून नवी मडम आली आणि खानसाम्याला बाजूला सारून स्वतःच भाजी निवडू लागली. तिचं बोलणं मायला कळेना, मायचं तिला. भरली पाटी तशीच परत आली. हा बंगला तुटला तर बाकीचेही तुटतील, या धास्तीनं माय ओट्यावर नुसती बसून राहिली.

वहिनी अकोल्याच्या शाळेत थोडं इंग्रजी शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा मायनं ऐकवलं होतं, "विंग्रजीनं का भाकर भाजते?" तेव्हापासून त्या शिक्षणाचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. त्या दिवशी तीच सासूजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी शिकवू का तुमाले?"

मायनं पाटीतलं एक वांगं उचलून तिच्या हातात दिलं. मग म्हणाली, "शिकव. पन हासू नको."

मग दुपार झाली की वहिनी मडम व्हायची. "व्हॉट इज धिस?"

"ब्रिंजल, मडम. फरेश ब्रिंजल!"

मायची जीभ अडखळली की मी फिदीफिदी हसे. वहिनी कधीच हसली नाही.

माय पुन्हा बंगल्यावर निघाली तेव्हा मीही सोबत होते. वांगी, टमाटे, कोबी... माय न चुकता बोलत गेली. तोच मडमेनं कारलं उचललं, आणि कारल्याचं इंग्रजी तर आम्ही घोकलंच नव्हतं! माय कडू काढा प्यालेल्या पोरासारखं तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, "नो स्वीट, मडम!"

मडम खळखळून हसली. कारल्यांसकट सारी भाजी तिनं ठेवून घेतली, वर "गुड इंग्लिश" म्हणाली.

"माह्या सुनेनं शिकवलं," मायनं वऱ्हाडीतच सांगितलं — मडमेला काय कळलं असेल कोण जाणे, पण मायचा आवाज मला आजही ऐकू येतो.

आमच्याकडे सुना सर्वांच्या मागून जेवत. त्या संध्याकाळी मायनं आपल्या शेजारी पाट मांडला.

"काहून उभी हायेस? बस. माह्यासंग जेव."

वहिनी बसली, पहिला घास मात्र कितीतरी वेळ तिच्या हातातच राहिला.

पुढे बाबांचा विरोध मोडून मायनंच मला इंग्रजी शाळेत घातलं. मी इंग्रजीची शिक्षिका झाले. आता माय नाही, वहिनी नाही. मळ्यावर घरं उभी राहिली आहेत... पण शिकवत होते तोवर, नव्या वर्गातल्या बुजऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी पुस्तकं मिटायला सांगत असे आणि विचारत असे — बाजारात चाललो आहोत, बोला, काय घ्यायचं?