गाडीचा मेन पार्ट

दोष दादांचा होता. दादा म्हणजे माझे वडील. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडं गाडी ओढत नाही म्हटलं की दोष फिल्टरचा निघतो, डिझेलचा निघतो, रस्त्याचा निघतो, आणि काहीच नाही निघालं तर पोराचा निघतो. म्हाताऱ्याचा कधीच निघत नाही!

मलकापुरात हायवेच्या सर्व्हिस रोडला बशीरचाचांचं गॅरेज आहे. दारात ट्रकच्या जुन्या सीटचं बाकडं. रोज सकाळी त्यावर तिघं बसतात: आर्मीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले दादा, शाळेतून रिटायर झालेले गुरुजी आणि विट्याचे तात्या. तात्यांनी अख्खी हयात तिकडं तमिळनाडूत सोनं गाळण्याच्या दुकानात घालवली. आता ते मुलीकडं मलकापुरात असतात आणि दिवसभर बाकड्यावर असतात. गॅरेजात जुने नटबोल्ट जसे डब्यात साठत जातात, कुणी टाकत नाही आणि कुणाच्या कामालाही येत नाहीत, तसे या बाकड्याचे किस्से माझ्याकडं साठलेत.

दादांचं एक सांगायला पाहिजे. ते माणसाला नावानं हाक मारत नाहीत. शिट्टी मारतात. बोटं न लावता, जीभ वरच्या दातांना टेकवून. कॅनॉलच्या पलीकडं ऐकू जाते. कुत्र्याला आखूड, म्हशीला लांब आणि मला त्याच्या मधली. मी डिप्लोमा अर्धवट सोडून घरी आलो तेव्हापासून तर माझं नाव त्यांच्या तोंडात आलंच नाही. लोकांसमोर माझं नाव 'हे'. "हे काय करणार आयुष्यात, ते देवाला ठावं!"

हे काय करणार ते मला ठाऊक होतं. शिरवळच्या एका कारखान्यातून सांगलीला पेट्या पोचवायचं काम निघालं होतं. कायमचं काम. ते मिळालं असतं तर दादांच्या शिट्टीवर उठायची वेळ आली नसती. घरची जुनी डिझेल पिकअप होतीच. तिथल्या साहेबाची अट एकच, "माल भरून खंबाटकीचा घाट न थांबता चढून दाखव. काम तुझं."

आणि आमची गाडी सपाटीला टॉप गिअर घेत नव्हती!

*

गाडीची अवस्था किती वाईट होती? उंब्रजच्या पुलाचा चढ. मागं माल नाही, काही नाही, मी एकटा. पाय पार खाली दाबलेला. गाडी तिसऱ्या गिअरवर रडत चाललीय. तेवढ्यात ई-स्कूटीवरून एक आजी आल्या. मागं मेथीच्या जुड्या, पुढं नातू. त्यांनी मला ओव्हरटेक केलं.

नुसतं केलं नाही. काचेजवळ येऊन म्हणाल्या, "ये बाबा सावकाश. घाई न्हाई."

*

पहिलं निदान तात्यांचं. त्यांनी टाकीतलं डिझेल थोडं तळहातावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला, डोळे मिटले. अख्खं बाकडं पुढं वाकलं. दादासुद्धा वाकले.

"भेसळ हाय," तात्या म्हणाले.

"कशाची?" मी विचारलं.

"ते न्हाई सांगता येत. पर हाय."

मग चांगल्या डिझेलसाठी त्यांनी आम्हाला पार विट्याच्या पुढच्या पंपावर नेलं. त्यांच्या भाच्याचा पंप! टाकी फुल केली, भाच्याकडं जेवलो आणि परत आलो. येताना गाडी जाताना होती तशीच. घरी पोचेपर्यंत काटा अर्ध्यावर.

मी म्हटलं, "तात्या, ह्यात काय फरक पडला?"

तात्या शांतपणे म्हणाले, "सोनं असतं तर सांगितलं असतं रं. ह्ये डिझेल हाय."

*

मग बशीरचाचांनी हात घातला. चाचा वाईट मेकॅनिक नाहीत, पण त्यांचा एक नियम आहे. गिऱ्हाईकाची गाडी ते कधीही रस्त्यावर चालवून बघत नाहीत. "कान हायत की मला!" म्हणतात.

डिझेल फिल्टर बदलला. एअर फिल्टर बदलायचा होता, पण दादांनी बदलू दिला नाही. "आर्मीत आमी झटकून वापरायचो," म्हणाले आणि लिंबाच्या बुंध्यावर असा आपटला की त्याचे तीन तुकडे झाले. मग बदलला.

तरी गाडी तशीच. मग चाचांनी बॉनेट उघडलं, ॲक्सिलेटरची तार जिथं येते तो इंजिनावरच्या पंपाचा लिव्हर हातानं ओढला. आणि काय सांगू! इंजिन असं ओरडलं की बाकड्यावरचा गुरुजींचा चहा सांडला. मागं काळा धूर.

"बघ!" चाचा म्हणाले. "इंजिन ठणठणीत हाय."

"मग आत बसून दाबल्यावर असं का ओरडत नाही?"

चाचांनी इंजिनाला कान लावला. मी सीटवर चढलो. आमच्या गाडीत पायाखाली रबरी मॅट आहे आणि त्याच्यावर आईनं शिवलेली छोटी वाकळ. ती उचलून बघावी म्हणून वाकलो, तर बाकड्यावरून शिट्टी. मधली.

"वाकळंला हात लावू नगो. तुझ्या आईनं शिवलीया."

मी हात काढला. चाचांनी बॉनेट बंद केलं आणि निकाल दिला, "गाडीत दोष न्हाई गड्या. गाडीवाल्यात हाय."

बाकडं खूश!

*

गुरुजींना मात्र पुरावा पाहिजे होता. म्हणाले, "ॲव्हरेज काढू. शास्त्रशुद्ध. टाकी तोंडापर्यंत भरायची, सांगलीला जाऊन यायचं, त्याच पंपावर परत भरायची."

आयडिया बरोबर होती. खोटं कशाला बोलू?

पण टेस्टला वजन पाहिजे म्हणून अख्खं बाकडं गाडीत बसलं. आष्ट्यात गुरुजींच्या लेकीचं घर लागलं. चहा झाला, पोहे झाले, जावयाच्या नोकरीची चौकशी झाली. तोवर गाडी दारात चालूच! मी बंद करायला निघालो तर दादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे चालू. डिझेल गाडी थंड झाली की रुसती." सांगलीत तात्यांनी हळदीची पोती घेतली, दादांनी नारळाची रोपं घेतली. येताना परत आष्टा. परत चहा. गाडी परत चालूच.

शेवटी पंपावर टाकी भरली. गुरुजींनी पावतीच्या मागं गणित मांडलं. उत्तर आलं. त्यांनी चष्मा पुसून परत मांडलं. तेच आलं.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पोराचा पाय जड आहे."

अहो, अख्ख्या प्रवासात मी गाडी चालवलीच नव्हती! मी मागं हौद्यात होतो, हळदीच्या पोत्यांवर. गाडी दादांनी चालवली. तीही कशी? पायपुसण्यावर टेकवावा तसा पाय सगळ्या भारानं ॲक्सिलेटरवर ठेवून, निवांत. हल्ली ते तसेच चालवतात. पाय वरखाली करायचा त्यांना कंटाळा आहे.

मी हे गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "मोठ्यांचे दोष काढू नयेत."

*

यातून एकदा खरोखर काहीतरी सापडलं. चाचांनी गाडी जॅकवर घेतली आणि चाकं हातानं फिरवून बघितली. मागचं डावं चाक फिरेचना. ब्रेक चिकटलेला. म्हणजे आम्ही इतके दिवस ब्रेक लावून हिंडत होतो! तो मोकळा केला. गाडी जरा हलकी झाली. आता ती आजींच्या स्कूटीच्या बरोबरीनं गेली असती.

बाकड्यावर लगेच भांडण. हे निदान मुळात कुणाचं?

तात्या म्हणाले, "मी पयल्याच दिवशी बोललो होतो."

"तुम्ही भेसळ म्हणाला होता!" मी म्हटलं.

"ब्रेकची भेसळच की ती."

*

शिरवळला गेलो. साहेबानं पेट्या भरून दिल्या, स्वतः शेजारी बसला. माणूस सज्जन होता. पारगाव-खंडाळ्यापर्यंत गप्पा मारत होता, घाट लागल्यावर दाराचा दांडा धरून बसला.

पहिल्या वळणाला दुसरा गिअर. पुढच्या चढाला पहिला. पाय पार खाली दाबला होता. मला वाटत होतं तो पार खालीच आहे. ह्या एका गाडीशिवाय दुसरी कुठली मी चालवलीच कधी होती? मागून ट्रक हॉर्न द्यायला लागले. धूर नाही, जोर नाही. गाडी नुसती थरथरली आणि थांबली. ती पेट्यांसकट मागं सरकायला लागली, तसा साहेब उतरून चाकामागं दगड शोधायला लागला. साहेबानं दगड लावला. इस्त्रीच्या शर्टात.

मग हात झटकत म्हणाला, "गाडी बदल आणि ये. तोवर काम थांबणार नाही, एवढं लक्षात ठेव."

पुढच्या आठवड्यात काम लोणंदच्या एकाला गेलं.

घरी आलो. दादा शेंगा फोडत बसलेले. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "तवाच सांगितलं व्हतं. गाडी चालवायला अक्कल लागती. अक्कल असती तर कॉलेज सोडलं असतंस व्हय?"

*

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी खुरपं, विळा, पाना, गाडी, सगळ्याची पूजा असते. गाडी आतून आई धुते, बाहेरून मी. यंदा आईचा हात दुखत होता. आत पण मीच शिरलो.

वाकळ काढली. मॅट काढला. खाली, ॲक्सिलेटरच्या बरोबर मागं, लाकडाचा ठोकळा. बाभळीचा. दोन स्क्रूनं पत्र्याला पक्का बसवलेला. पॅडल दाबलं की अर्ध्यात जाऊन ठोकळ्यावर टेकायचं. त्याच्या पुढं जायचंच नाही.

आणि ठोकळ्यावर हळदकुंकू! जुनं, वाळलेलं, थरावर थर.

मी आईला हाक मारली. ती दारातून म्हणाली, "आरं, त्येला हलवू नगोस. गाडीचा मेन पार्ट हाय त्यो. दोन दसरे पुजतीया मी."

"कुणी सांगितलं मेन पार्ट आहे म्हणून?"

"दादांनी. तू कॉलेज सोडून आलास आन् गाडीची चावी मागितलीस न्हवं, त्याच दिवशी बसवला. आर्मीत नव्या ड्रायव्हरला असंच करत्यात म्हणं."

म्हणजे फिल्टर फुटला तेव्हा दादांना ठाऊक होतं. विट्याला गेलो तेव्हा ठाऊक होतं. चाचांनी लिव्हर ओढला तेव्हा ठाऊक होतं. मी शिरवळला निघालो तेव्हा दारात उभं राहून त्यांनी नारळ फोडला, तेव्हाही ठाऊक होतं.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला, ठोकळा काढला, मॅट घातला, वर वाकळ नीट अंथरली. दादांनी मला सांगितलं नव्हतं. मीही त्यांना सांगितलं नाही.

*

पूजेला अख्खं बाकडं आलं होतं. चाचांनी गाडीच्या आतल्या आरशाला झेंडूचा हार घातला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आईनं पान्याला आणि खुरप्याला कुंकू लावलं. पूजा झाली की गाडी पहिल्यांदा दादाच बाहेर काढतात, हा आमच्या घरचा कायदा. लिंबं चिरडत फाटकातून बाहेर, गॅरेजपर्यंत आणि परत.

दादा फेटा सावरून बसले. पहिला गिअर टाकला. पाय ॲक्सिलेटरवर ठेवला, नेहमीसारखा. पायपुसण्यावर टेकवावा तसा.

गाडी कधी नव्हे अशी ओढली!

लिंबं फुटली की नाही कुणी बघितलं नाही. फाटक मात्र फुटलं. गुरुजी पाण्याच्या हौदात शिरले, तात्या कडब्यामागं. गाडी रस्ता ओलांडून समोरच्या उकिरड्यात नाकापर्यंत जाऊन बसली. मागं काळाभोर धूर.

आम्ही पळत गेलो. दादा स्टिअरिंगवर तोंड टेकवून. हार त्यांच्याच गळ्यात आलेला. मान वर केली, तोंडातून रक्त. आई ओरडायला लागली. तसे दादा पायाखाली बघत वाकळ चाचपायला लागले.

"ठोकळा!" ते म्हणाले. "ठोकळा कुणी काढला रं?"

चाचा खिडकीपाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "कुठला ठोकळा?"

दादांनी तोंडावर हात धरला. अख्खं बाकडं त्यांच्याकडं वळलं.

त्यात दादांचे वरचे पुढचे दोन दात गेले. आता शिट्टी वाजत नाही. मला नावानं हाक मारावी लागते.