चौदा तारखेचा रकाना

गुरुप्रसादला तुम्ही ओळखत नसाल, आणि त्यात तुमचं काही चुकलं नाही. मूळचा पूर्णगडचा, पन्नाशीला टेकलेला, बावीस वर्षं रत्नागिरीत एका संस्थेच्या कचेरीत. मुलं मुंबईला आणि आपण गावी एकटे, अशा म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणारी संस्था. कोणी कोणाकडे कधी जायचं, ते गुरुप्रसादचा तक्ता सांगायचा. दिवसाला एक रकाना, घराला एक ओळ, जायचं त्या दिवशी फुली. तक्ता कधी चुकला नाही. त्याचा थोडा तोराही होता त्याला, खोटं कशाला बोला.

मंडणगडच्या शाखेत कोणीतरी दान दिलेला जुनाट कॉम्प्युटर होता. तो सांभाळायचे आणि तिथल्या काही घरांच्या पाळ्याही करायचे आप्पा, निवृत्त पोस्टमन. त्यावर नवी फाईल उघडत नसे, म्हणून गुरुप्रसाद आप्पांसाठी जुन्या पद्धतीची प्रत काढून पाठवायचा. आजवर महिन्याची फाईल असे. यंदा त्याने हौसेने सबंध वर्षाची एकच केली. प्रत काढताना पडद्यावर सूचना आली, काही मजकूर जाईल. ती दरवेळीच येते म्हणून त्याने न वाचता ‘चालेल’ दाबलं.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोनशे छपन्नच रकाने मावतात. नाव-गाव-क्रमांकाचे तीन सोडून दिवस पुरले नऊ सप्टेंबरपर्यंत. पुढचे गेले.

आप्पांनी पाहिलं, तक्ता नऊ तारखेला संपलाय. सातला गणपती बसलेले, मुंबईकर घरोघर आलेले. त्यांना वाटलं, म्हणूनच पाळ्या थांबवल्या असतील, सणानंतर नवी फाईल येईल. गुरुप्रसादला काय विचारायचं? त्याचा तक्ता चुकतो थोडाच?

आप्पांच्या पाळीतल्या हौसाबायचा मुलगा गौरी-गणपती बोळवून तेराला मुंबईला गेला. चौदाला सकाळी ती मागीलदारी घसरून पडली. सोळाला शेजारणीला दिसली. हॉस्पिटलात चार दिवस काढून गेली बिचारी.

मुलाने आप्पांना विचारलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "माझी पाळी नव्हती रे बाबा."

हे कानावर आल्यावर गुरुप्रसादने आपली फाईल उघडली. चौदा तारखेला हौसाबायच्या ओळीत फुली होती. मग आप्पांना पाठवलेली प्रत उघडली, ती नऊ तारखेलाच संपलेली. पंधरा दिवस त्याला घास गोड लागला नाही. शेवटी पाच तासांची एसटी धरून तो मंडणगडला गेला आणि आप्पांसमोर बसून सगळं सांगितलं. "तुमचा काही दोष नाही, आप्पा. माझ्या हातून झालं."

आप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे चौदाला फुली होती?"

"होती."

"हौसाच्या ओळीत?"

"हो."

"माझ्या वाट्याची?"

गुरुप्रसादने मान डोलावली.

आप्पांनी हातातल्या किल्ल्या खाली ठेवल्या. "घर माझ्या वाटेवर होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी दूध आणायला तिथूनच गेलो. मनात आलं, हाक मारू. मग म्हटलं, आज आपली पाळी नाय. तेवढ्याच एका गोष्टीवर मी दिवस काढत होतो, गुरू."

गुरुप्रसाद मन मोकळं करायला आला होता, ते झालं होतं. म्हाताऱ्याचा होता तो आधार मात्र त्याने काढून घेतला होता, आणि आता तो परत देता येण्यासारखा नव्हता.

तो निघाला. एरवी एसटी हलेपर्यंत स्टँडवर उभे राहणारे आप्पा खुर्चीवरून उठले नाहीत.